२०० मीटर बटरफ्लायमध्ये शेवटच्या पन्नासला हात का उचलत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी चौदा वर्षांची, पोहण्यातल्या २०० मीटर बटरफ्लायचं (दोन्ही हात एकदम पाण्याबाहेरून पुढे आणायचा प्रकार) टायमिंग ५० मीटरच्या तलावात २:३५, पन्नास-पन्नासचे तुकडे ३२.५, ३८.५, ४१ आणि ४३ सेकंद. शेवटच्या पन्नासला हात पाण्याबाहेर निघत नाहीत आणि शर्यत संपल्यावर दहा मिनिटं धड बोलता येत नाही. शाळेत ८०० मीटर धावते तेव्हाही साधारण तेवढाच वेळ लागतो, पण अशी अवस्था होत नाही. पोहणं एवढं का दमवतं, तिची ताकद कमी पडते का, जिमला घालावं का?

ताकद कमी पडत नाहीये. पहिलं पन्नास ३२.५ मध्ये काढणाऱ्या मुलीच्या हातात जोर आहे. तो जोर ती कुठे आणि किती भावाने खर्च करते, तिथे गडबड आहे. ते कळायला आधी पाण्याचा हिशोब समजून घ्यावा लागेल.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. धावणाऱ्याला हवेचा विरोध फारसा जाणवतच नाही, पोहणाऱ्याची जवळजवळ सगळी मेहनत पाण्याच्या विरोधातच जाते. हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे वेग दहा टक्के वाढवायचा तर शक्ती तेहेतीस टक्के जास्त लावावी लागते. तुमच्या मुलीचंच उदाहरण घ्या. तिला २:३५ वरून २:३० वर यायचं असेल तर सरासरी वेग फक्त सव्वातीन-साडेतीन टक्के वाढतो, पण विरोध तेवढाच राहिला तर शक्ती साधारण दहा टक्के जास्त लागते. स्नायूंची दहा टक्के शक्ती वाढवणं हे अनेक महिन्यांचं काम आहे. विरोध काही टक्क्यांनी कमी करणं हे त्या मानाने लवकर होतं, आणि तिथेच बहुतेक पालक आणि बरेच प्रशिक्षकही लक्ष देत नाहीत.

विरोधाला किती महत्त्व आहे याचा पुरावा याच शर्यतीत आहे. महिलांच्या २०० मीटर बटरफ्लायमध्ये चीनच्या लिऊ झिगेने २००९ साली २:०१.८१ असा विक्रम केला. तो काळ पॉलियुरेथेनच्या सूटचा होता. ते सूट शरीर आवळून धरायचे, पाण्यात वर ठेवायचे, पाणी अंगावरून सरकू द्यायचे. १ जानेवारी २०१० पासून त्यांच्यावर बंदी आली. त्यानंतर सराव सुधारला, आहार सुधारला, पाण्याखालची डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून, कंबरेपासून माशासारखी मारायची किक) कुठच्या कुठे गेली. तरी २०२५ च्या सिंगापूर जागतिक स्पर्धेत कॅनडाची समर मॅकिंटॉश २:०१.९९ पोहली तेव्हा तो विक्रम ०.१८ सेकंदाने शाबूतच राहिला. फुप्फुसं आणि स्नायू माणसाचेच होते, विरोध तेवढा कमी झाला होता.

दुसरी गोष्ट, पाणी सरकतं. धावणारा जमिनीला मागे रेटतो आणि जमीन हलत नाही. पोहणारा पाण्याला रेटतो तेव्हा थोडं पाणी हातासोबत मागे निघून जातं आणि तेवढी मेहनत वाया जाते. भुसभुशीत वाळूत पळताना जे होतं तेच इथे प्रत्येक स्ट्रोकला होतं. त्यामुळे पोहण्यात शरीराने जाळलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाच ते दहा टक्के भागच पुढे जाण्याच्या कामी येतो. सायकलवर हाच आकडा वीस टक्क्यांच्या वर जातो.

त्यातही चारही प्रकार सारखे खर्चिक नाहीत. फ्रीस्टाइल सगळ्यात स्वस्त, त्यानंतर बॅकस्ट्रोक. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय सगळ्यात महाग. कारण या दोन्हींत हात एकदम ओढले जातात आणि एकदम पुढे येतात. ओढताना शरीर झेप घेतं, हात पुढे आणताना वेग पडतो, मग पुढच्या स्ट्रोकला पुन्हा वेग घ्यावा लागतो. फ्रीस्टाइलमध्ये एक हात पुढे असताना दुसरा काम करत असतो, म्हणून वेग बऱ्यापैकी टिकतो. बटरफ्लायमध्ये वेगाचा हा चढउतार जितका मोठा तितकी ऊर्जा जास्त, आणि दमलेल्या पोहणाऱ्यात तो वाढतच जातो.

आता ८०० मीटर धावण्याशी खरा फरक. तो श्वासाचा आहे. तिचे स्ट्रोक मोजून बघा. अशा टायमिंगला साधारण २२, २३, २४ आणि २६, म्हणजे चार लांब्यांत ९५ च्या आसपास स्ट्रोक येतात. दोन स्ट्रोकला एक श्वास घेत असेल तर अडीच मिनिटांत ४७ श्वास, मिनिटाला अठरा. तीच मुलगी जीव तोडून ८०० मीटर धावते तेव्हा मिनिटाला पंचेचाळीस-पन्नास श्वास सहज घेते, हवे तेव्हा, हवे तेवढे. पाण्यात श्वासाची वेळ स्ट्रोक ठरवतो. तोंड पाण्याबाहेर असण्याची फट अर्ध्या सेकंदाच्या आसपास असते आणि तेवढ्यात मोठा श्वास ओढायचा असतो. शिवाय छातीवर चहूबाजूंनी पाण्याचा दाब, त्यामुळे बरगड्यांमधले स्नायू आणि श्वासपटल यांना प्रत्येक श्वासाला जादा काम. हे स्नायूही थकतात.

गुदमरल्यासारखं वाटतं ते बहुतेक वेळा ऑक्सिजन संपल्यामुळे नसतं, कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे असतं. ज्या मुली तोंड पाण्यात असताना श्वास कोंडून ठेवतात आणि डोकं वर आल्यावर आधी सोडतात, मग घेतात, त्यांना घ्यायला वेळच उरत नाही. श्वास पाण्यातच, नाकातोंडातून सलग बुडबुडे काढत सोडला पाहिजे आणि शेवटचा जोराचा फुंकर तोंड पाणी फोडायच्या क्षणी. एवढ्या एका सवयीने तिसऱ्या पन्नासला फरक पडलेला दिसतो. मात्र दम वाढवायचा म्हणून मुलांना पाण्याखाली श्वास रोखायच्या पैजा लावू देऊ नका आणि त्याआधी भराभर मोठे श्वास घेऊन छाती भरू देऊ नका. त्यात सूचना न मिळता शुद्ध हरपते. चांगले पोहणारे यात बुडाले आहेत.

नाडी बघून मात्र फसू नका. पाण्यात शरीर आडवं असतं, पाण्याच्या दाबाने रक्त हृदयाकडे सहज परततं, पाणी अंग थंड ठेवतं. त्यामुळे पोहताना नाडीचा कमाल आकडा धावण्यापेक्षा साधारण दहाने कमी भरतो. मनगटावरचं घड्याळ धावताना १९५ दाखवतं आणि पोहल्यावर १८५, म्हणून पोहण्यात कमी मेहनत झाली असा निष्कर्ष निघत नाही. घामाचंही तसंच आहे. पाण्यातही घाम येतो, दिसत नाही इतकंच. दोन तासांच्या सरावाला काठावर पाण्याची बाटली हवीच.

हातांबद्दल एक गोष्ट. पायांचे स्नायू मोठे, हात-खांद्यांचे लहान. ऑक्सिजनचा तेवढाच खर्च पायांऐवजी हातांवर टाकला तर रक्तातलं लॅक्टेट (ऑक्सिजन अपुरा पडला की स्नायूंत तयार होणारा पदार्थ) जास्त वाढतं. २०० मीटरची शर्यत नेमकी अशा लांबीची आहे की ऑक्सिजनवर चालणारी आणि त्याशिवाय चालणारी, दोन्ही यंत्रणा पूर्ण ताणल्या जातात. पन्नास मीटरमध्ये वेळच एवढा कमी असतो की स्नायूंमधल्या तयार साठ्यावर बरंच भागतं. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवलं, तो वेगाचा खेळ. खजानसिंगने १९८६ मध्ये सोलला रौप्य घेतलं आणि साजन प्रकाशने २०२१ मध्ये रोमला १:५६.३८ काढून ऑलिंपिकची थेट पात्रता गाठली, ती २०० मीटर बटरफ्लाय. स्ट्रोकचं नाव एकच असलं तरी शरीराकडून होणारी मागणी फार वेगळी.

आता शेवटच्या पन्नासला नेमकं काय होतं ते बघू. पुढच्या वेळी मोबाइल काठावर पाण्याच्या पातळीला धरून बाजूने चित्रीकरण करा आणि १५० ते २०० मीटरचा भाग सावकाश लावा. हात उचलत नाहीत हे तुम्हाला वरून दिसतं, पण बिघाडाची सुरुवात हातात होत नाही. आधी डोकं उशिरा खाली जातं. श्वास हवा असतो म्हणून ती हनुवटी वर उचलते आणि हात पाण्यात शिरले तरी डोकं वरच असतं. डोकं वर राहिलं की कंबर बुडते. कंबर बुडली की शरीर तिरकं होतं, समोरून पाण्याला आडवं क्षेत्रफळ वाढतं, विरोध वाढतो. मग दुसरी किक हरवते. बटरफ्लायच्या एका स्ट्रोकला दोन किक असतात: पहिली हात पाण्यात शिरताना, दुसरी हात मांडीजवळून बाहेर निघताना. हात बाहेर काढायला मदत करते ती दुसरी. ती लुळी पडली की हात फक्त खांद्याच्या जोरावर उचलावे लागतात, आणि खांदे तर आधीच भरून आलेले असतात. मग कोपरं पाण्यात घासतात, हात शिरल्याबरोबर लगेच खाली दाबले जातात, स्ट्रोकची लांबी घटते आणि बावीसचे सव्वीस स्ट्रोक होतात. तुम्हाला दिसतो तो या साखळीचा शेवटचा दुवा.

या साखळीला सुरुवात कोण करून देतं? पहिल्या पन्नासचे ३२.५ सेकंद. डाइव्हमुळे पहिलं पन्नास दोन-तीन सेकंदांनी जलद येतंच, पण पुढच्या तुकड्यांच्या मानाने ३२.५ खूप महाग आहे. हेच पन्नास ३४ ला काढलं तर घनाच्या हिशोबाने सुमारे तेरा टक्के कमी शक्ती लागली असती. वाचलेला दीड सेकंद तिने ४१ आणि ४३ मध्ये कित्येक पटीने परत दिला. तिच्यासाठी माझ्या मते योग्य आखणी ३४, ३८, ३९, ३९ अशी, बेरीज २:३०. पहिले पन्नास मीटर तिला हळू वाटले पाहिजेत. शेजारच्या लेनमधली मुलगी अर्ध्या शरीराने पुढे गेली तरी जाऊ द्यावी. हे चौदाव्या वर्षी फार अवघड जातं, म्हणून सरावातच शिकवावं लागतं, शर्यतीच्या दिवशी सांगून होत नाही.

आपल्याकडची एक खास अडचण. गावोगावचे, क्लबांचे बरेच तलाव २५ मीटरचे, आणि मोठी स्पर्धा बालेवाडीसारख्या ठिकाणी ५० मीटरवर. २५ मीटरमध्ये २०० मीटरला सात टर्न, ५० मध्ये तीन. प्रत्येक भिंतीवरून ढकलून, पाण्याखाली किक मारून साडेसहा मीटर फुकट मिळाले असं धरलं, तर छोट्या तलावात आठ वेळा मिळून ५२ मीटर हात न मारता होतात आणि मोठ्या तलावात २६. उरलेले २६ मीटर, म्हणजे तेरा-चौदा पूर्ण स्ट्रोक, मोठ्या तलावात जादा मारायचे. प्रत्येक लांबीचा शेवटचा अर्धा भाग २५ मीटरवर सराव करणाऱ्या शरीराला अनोळखी असतो. त्यामुळे स्पर्धेआधी निदान पाच-सहा सत्रं ५० मीटरवर मिळतील असं बघा. ते शक्यच नसेल तर काही सेटमध्ये टर्न मारताना भिंतीला न ढकलता, भिंतीच्या अलीकडेच वळून पुढे पोहायला लावा. दिसायला ओबडधोबड प्रकार आहे, पण फुकटचे मीटर त्यातून निघून जातात.

टर्नचाही खर्च समजून घ्या. दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत, नाहीतर बाद. वळताना एक मोठा श्वास मिळतो, मग पुढचे तीन-चार सेकंद पाण्याखाली. पृष्ठभागावर शरीर लाटा तयार करतं आणि त्या लाटांत बरीच शक्ती जाते. अर्धा मीटर खाली हा तोटा बराच कमी होतो, म्हणून पाण्याखालची डॉल्फिन किक किफायतशीर. नियमाने १५ मीटरपर्यंत मुभा आहे, पण तिच्या वयाला पूर्ण पंधरा घेऊ नये. चारही भिंतींवरून सारख्या चार-पाच किक आणि सहा-सात मीटर पुरेत. पाच मीटरवर वर झेंड्यांची दोरी असते. शेवटच्या टर्ननंतरही ती दोरी ओलांडल्यावरच डोकं बाहेर यावं. दमल्यावर मुली तिथे दोन किक मारून लगेच वर येतात, आणि भिंतीवरून मिळालेला सगळा वेग पृष्ठभागावर येऊन मारला जातो.

सरावात काय करायचं? दमलेल्या अवस्थेत लांबलचक बटरफ्लाय पोहून घेऊ नका. ४०० मीटर बटरफ्लाय सलग काढायला लावला की शेवटचे अडीचशे मीटर ती बुडालेल्या कमरेने पोहते आणि शरीर नेमकं तेच शिकतं. ४-५ किलोमीटरच्या सत्रात बटरफ्लाय ८०० ते १२०० मीटर पुरे, तोही तुकड्यांत. आठवड्यातून दोनदा २५ मीटरचे १६ ते २४ तुकडे, प्रत्येक १९.५ सेकंदांत, मध्ये २० सेकंद विश्रांती. १९.५ कारण ३९ चं अर्ध. १८ आला तर तो चांगला समजू नका, तिला पेस, म्हणजे ठरवलेला सारखा वेग, कळलेला नाही. सलग दोन तुकडे २० च्या वर गेले की सेट तिथेच थांबवा, उरलेले मीटर फ्रीस्टाइलने हळू पूर्ण करा. दहा दिवसांतून एकदा तुटक दोनशे: ५० चे चार, भिंतीवर दहा-दहा सेकंद थांबून. एकूण वेळेतून तीस सेकंद वजा केले की शर्यतीत कुठे पोहोचेल याचा चांगला अंदाज येतो. दम वाढवायचं काम फ्रीस्टाइलवर करा. १०० मीटरचे १२, १:४० च्या इंटरवलवर (दर १:४० ला पुढचा शंभर सुरू), १०-१५ सेकंद विश्रांती उरेल अशा वेगाने. किकसाठी पाठीवर झोपून, हात बाजूला ठेवून डॉल्फिन किकचे ५० मीटरचे आठ तुकडे. बोर्ड धरून डॉल्फिन किक मारली की कंबरेची लय बिघडते आणि खांदे ताणले जातात, ते टाळा. प्रत्येक कडक सेटनंतर आणि प्रत्येक शर्यतीनंतर ६०० ते १००० मीटर अगदी हलकं पोहणं. काठावर टॉवेल गुंडाळून बसवलं तर लॅक्टेट उतरायला बराच जास्त वेळ लागतो. हीट (प्राथमिक फेरी) सकाळी आणि फायनल संध्याकाळी असेल तर हे चुकवून चालत नाही. दहा मिनिटं बोलता न येण्यावरही हाच उपाय.

जिमबद्दल. आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास जमिनीवरचा व्यायाम हवा, जड वजनं नकोत. प्लँक आणि त्याचे प्रकार, स्क्वॉट जंप, मेडिसिन बॉल डोक्यावरून खाली आपटणं, रबर बँडच्या आधाराने पुल-अप, आणि बँड धरून कोपर अंगाला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला फिरवणं, पंधरा-पंधराचे दोन सेट. हा शेवटचा व्यायाम कंटाळवाणा आहे आणि खांदा वाचवतो तो तोच. सत्राला पाच किलोमीटर धरले तर एकेक हात दोनएक हजार वेळा फिरतो, आठवड्याच्या सात सत्रांत चौदा हजार. पुढे ओढणारे स्नायू जोरदार होत जातात, खांद्याचा सांधा मागून धरणारे लहान स्नायू मागे पडतात आणि सांध्यातल्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) चिमटू लागतात. वॉर्म-अपनंतरही खांदा पुढच्या बाजूने दुखत असेल किंवा रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल तर बटरफ्लाय आणि पॅडल (सरावात तळहाताला बांधायच्या प्लेट) दोन्ही बंद करून डॉक्टरांना दाखवा, बाम चोळून पोहायला पाठवू नका. पाठीचा वरचा भाग आखडलेला असेल तर तेही बघून घ्या, कारण मग हात पुढे आणायला ती अख्खं धड वर उचलते आणि त्याची किंमत पुन्हा दमाने चुकवते.

थंडीत उघड्या, न तापवलेल्या तलावात सराव असेल तर वॉर्म-अप काठावर दहा मिनिटं दोरीच्या उड्यांनी सुरू करा. स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंश असावं असा नियम आहे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे ते त्याहून बरंच खाली असतं, आणि गार पडलेले स्नायू पहिली वीस मिनिटं लहान-लहान स्ट्रोक मारतात. अशा दिवसांत बटरफ्लायचा सेट सत्राच्या मध्यावर ठेवा.

खाण्यात पहाटे रिकाम्या पोटी पाठवू नका. निघताना एक केळं किंवा चार खजूर, सराव संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटभर न्याहारी: पोहे किंवा उपमा, सोबत दोन अंडी किंवा मोड आलेली उसळ, आणि दूध. शाळेची घाई म्हणून ही न्याहारी दुपारच्या डब्यावर ढकलली जाते आणि संध्याकाळच्या सत्राला मुलगी रिकामी येते.

हे सगळं करण्याआधी एक काम मात्र या आठवड्यात करा. तिचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) तपासून घ्या. पाळी सुरू झालेली, भरपूर सराव करणारी आणि विशेषतः शाकाहारी मुलगी असेल तर लोह कमी पडण्याची शक्यता चांगलीच असते. या वयात हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षयच समजतात, आणि फेरिटिन तर हिमोग्लोबिन घसरायच्या आधीच खाली जातं. ऑक्सिजन वाहून नेणारं रक्तच कमी असेल तर वरची पेसची आखणी तिसऱ्या पन्नासच्या पुढे टिकणार नाही. अहवाल कमी आला तर गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि गोळी घेताना चहा किंवा दूध नको, लिंबूपाणी चालेल. भरून यायला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्या काळात तिचं टायमिंग जागचं हललं नाही तरी प्रशिक्षकांनी मीटर वाढवू नयेत, हे त्यांना अहवाल दाखवून आधीच सांगून ठेवा.